जबड्याच्या सांध्याचे संगणकीय प्रतिमान

जबड्याच्या सांध्याचे संगणकीय प्रतिमान म्हणजे खालच्या जबड्याचे हाड, त्याचे दोन सांधे, स्नायू आणि दात यांची गणिती प्रतिकृती संगणकावर उभारून चावताना, चघळताना व तोंड उघडताना त्यांवर येणारी बले आणि त्यांच्या हालचाली यांचा अभ्यास करण्याची पद्धत होय. ही पद्धत जैवयामिकी या शाखेत मोडते. दंतवैद्यक, मुख व जबड्याची शल्यचिकित्सा, मानवशास्त्र आणि कृत्रिम सांध्यांची रचना या क्षेत्रांत तिचा उपयोग होतो.

निरोगी माणसाच्या जबड्याच्या सांध्यात मोजमापाचे उपकरण बसवून त्यावरील भार थेट मोजता येत नाही. त्यामुळे हा भार किती असतो आणि तो कोणत्या दिशेने येतो, या प्रश्नांची उत्तरे मुख्यतः गणनेतूनच मिळवावी लागतात. ही उत्तरे केवळ तात्त्विक महत्त्वाची नाहीत. 1980 च्या दशकात अमेरिकेत बसवलेली काही रोपणे सांध्यातील भाराखाली झिजली आणि त्यामुळे अनेक रुग्णांच्या हाडांची कायमची हानी झाली. त्या अनुभवानंतर भाराचा आगाऊ अंदाज बांधणे हा कृत्रिम सांध्याच्या रचनेचा अविभाज्य भाग ठरला.

सांध्याची रचना

मानवाचा खालचा जबडा हे घोड्याच्या नालेच्या आकाराचे एकच हाड आहे. नालेच्या दोन्ही टोकांपासून हाडाचा एकेक उभा भाग वर जातो व त्याच्या माथ्यावर गोलसर गाठ असते. या लेखात तिला ‘अस्थिशीर्ष’ म्हटले आहे. कवटीच्या बाजूच्या शंखास्थीवर, कानाच्या अगदी पुढे, एक खोलगट खाच असते. तोंड मिटलेले असताना अस्थिशीर्ष या खाचेत असते. खाचेच्या पुढच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असून तोंड उघडताना अस्थिशीर्ष त्याच्या उतारावरून पुढे व खाली घसरते. कानाच्या छिद्रासमोर बोटे टेकवून तोंड हळूहळू उघडल्यास ही हालचाल सहज जाणवते.

अस्थिशीर्ष आणि खाच यांच्यामध्ये चिवट तंतुमय ऊतीची एक चकती असते. चकतीमुळे सांध्याचे दोन कप्पे होतात. खालच्या कप्प्यात प्रामुख्याने फिरण्याची आणि वरच्या कप्प्यात प्रामुख्याने घसरण्याची क्रिया घडते. कोपराचा सांधा बिजागरीसारखा असतो. जबड्याचा सांधा मात्र बिजागरीही आहे आणि सरकती खिट्टीही आहे. या दुहेरी हालचालीमुळे प्रौढ माणसाचे तोंड सामान्यतः 40 ते 50 मिलिमीटर उघडते. उभी धरलेली तीन बोटे समोरच्या दातांमध्ये जातात की नाही, ही वैद्यकातील सोपी चाचणी याच अंतरावर आधारलेली आहे.

दोन्ही सांधे एकाच हाडाची दोन टोके असल्यामुळे एक सांधा दुसऱ्याला सोडून हलू शकत नाही. एका बाजूचा सांधा आखडला, झिजला किंवा बदलला, तर दुसऱ्या बाजूच्या सांध्यावरील भार व त्याची हालचाल दोन्ही बदलतात. म्हणूनच प्रतिमान उभारताना संपूर्ण जबडा विचारात घ्यावा लागतो.

तरफ की केवळ दुवा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून या सांध्याविषयी दोन मते होती. पहिल्या मतानुसार जबडा ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. सांधा हा टेकू, स्नायू हे बल आणि चावला जाणारा घास हा भार. शालेय विज्ञानात शिकवला जाणारा चिमटा हे याच प्रकारचे उदाहरण होय. अडकित्त्यात सुपारी टेकू व हाताचे बल यांच्या मध्ये असते. जबड्यात मात्र स्नायूंचे बल टेकू व घास यांच्या मध्ये असते. त्यामुळे जबड्याच्या टेकूवर, म्हणजे सांध्यावर, भार येणे अटळ ठरते.

दुसऱ्या मतानुसार स्नायूंच्या एकत्रित बलाची रेषा नेमकी घासातून जाते, त्यामुळे सांध्यावर भार येतच नाही. सांधा हा केवळ हालचालीला वाट दाखवणारा दुवा आहे. खाचेच्या छताचे हाड अतिशय पातळ असते, ही गोष्ट या मताच्या पुष्ट्यर्थ सांगितली जात असे. पातळ छत भार कसा पेलणार, असा तो युक्तिवाद होता.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विल्यम हायलँडर यांनी 1975 मध्ये या वादाची सविस्तर चिकित्सा केली. त्यानंतर 1979 मध्ये त्यांनी मकाक माकडांच्या अस्थिशीर्षाच्या मानेवर विकृतिमापक बसवून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चावताना व चघळताना सांधा भार वाहतो, हे त्या प्रयोगांतून दिसून आले. पातळ छताच्या युक्तिवादालाही उत्तर मिळाले: भार खाचेच्या छतावर नव्हे, तर पुढच्या उंचवट्याच्या उतारावर येतो आणि तेथील हाड जाड असते.

भाराचे साधे गणित

संगणकाशिवायही भाराचा स्थूल अंदाज बांधता येतो. पुढील आकडे गणिताच्या सोयीसाठी घेतले आहेत. समजा, सांध्यापासून समोरचे दात 90 मिलिमीटर व दाढ 60 मिलिमीटर अंतरावर आहे आणि स्नायूंचे एकत्रित बल सांध्यापासून 30 मिलिमीटर अंतरावर उभ्या दिशेने कार्य करते. समोरच्या दातांनी 100 न्यूटन बलाने चावायचे असल्यास परिबलांचा समतोल राखण्यासाठी स्नायूंना 100 × 90 ÷ 30 म्हणजे 300 न्यूटन बल लावावे लागेल. यांतील 100 न्यूटन घासावर खर्च होतात आणि उरलेले 200 न्यूटन दोन सांध्यांवर येतात. तेच चावणे दाढेने केल्यास स्नायूंना 200 न्यूटन पुरतात आणि सांध्यांवर एकूण 100 न्यूटन भार येतो. कठीण पदार्थ आपण नकळत दाढेखाली ढकलतो, त्यामागे हेच गणित आहे. प्रौढांमध्ये दाढेने चावण्याचे कमाल बल अनेकदा 400 ते 800 न्यूटनच्या दरम्यान आढळते. त्यावरून सांध्यावरील भार नगण्य नसतो, हे उघड होते.

प्रत्यक्षात आपण एका बाजूने चघळतो. अशा वेळी दोन सांधे आणि घास हे तीन आधारबिंदू होतात व जबडा तिवईसारखा तोलला जातो. स्नायूंच्या एकत्रित बलाची रेषा या तीन बिंदूंनी बनलेल्या त्रिकोणातून गेली, तरच तिन्ही आधारांवर दाब राहतो. ती त्रिकोणाबाहेर गेल्यास एखादा सांधा दाबला जाण्याऐवजी ताणला जातो. या विचारातून निघणारा निष्कर्ष प्रथमदर्शनी विचित्र वाटतो: घास ज्या बाजूला आहे त्या बाजूपेक्षा विरुद्ध बाजूच्या सांध्यावर बहुधा अधिक भार येतो. सपाट आकृतीवरच्या तरफेच्या गणितात ही गोष्ट दिसत नाही. त्रिमितीय प्रतिमानाची गरज येथून सुरू होते.

प्रतिमानाची उभारणी

प्रतिमाने स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात हाडे न वाकणारी मानून जबड्याची हालचाल आणि सांध्यावरील एकूण बल काढले जाते. दुसऱ्या प्रकारात हाड, चकती किंवा रोपण यांच्या आत प्रतिबल व विकृती कशी पसरते, हे पाहिले जाते. अलीकडे दोन्ही प्रकार एकत्र वापरले जातात.

दुसऱ्या प्रकाराचा पाया म्हणजे सांत घटक पद्धत. गुंतागुंतीच्या आकाराची वस्तू असंख्य लहान, साध्या आकाराच्या घटकांत विभागायची, प्रत्येक घटकाची समीकरणे मांडायची आणि ती सर्व एकत्र सोडवायची, अशी ही पद्धत आहे. विमानाच्या सांगाड्याच्या अभ्यासातून ती आकाराला आली. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांचा तिच्यावरील पायाभूत निबंध 1956 मध्ये प्रसिद्ध झाला आणि रे क्लफ यांनी 1960 मध्ये तिला तिचे रूढ नाव दिले. 1970 च्या दशकाच्या आरंभी ती हाडांच्या अभ्यासात आली.

प्रतिमान उभारण्याचे टप्पे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

भूमिती : रुग्णाच्या सीटी स्कॅनमधून हाडांचा व दातांचा आकार मिळतो. चकती व स्नायू यांसाठी एमआरआय अधिक उपयुक्त ठरते. या चित्रांतील प्रत्येक ऊतीची सीमा आखून त्रिमितीय आकृती तयार केली जाते.

जाळी : आकृतीचे चतुष्फलकासारख्या लहान घटकांत विभाजन केले जाते. जेथे प्रतिबल झपाट्याने बदलते, उदाहरणार्थ स्क्रूच्या भोवती, तेथे जाळी बारीक ठेवतात.

पदार्थांचे गुणधर्म : प्रत्येक घटकाला ताठरपणा द्यावा लागतो. हाडाच्या कठीण बाह्य थराचा यंग गुणांक साधारणपणे 10 ते 20 गिगापास्कल असतो. आतील जाळीदार हाडाचा गुणांक त्याहून बराच कमी असतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गुणांक सुमारे 110 गिगापास्कल, तर कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा 200 गिगापास्कलहून अधिक असतो. चकती द्रव धरून ठेवणारी व भार काढल्यावर हळूहळू पूर्ववत होणारी असल्यामुळे एका आकड्याने तिचे वर्णन करता येत नाही.

स्नायू : जबडा मिटण्याचे काम गालातील मॅसेटर, कानशिलावरील टेम्पोरालिस व जबड्याच्या आतील बाजूचा मध्य टेरिगॉइड हे स्नायू करतात. बाह्य टेरिगॉइड अस्थिशीर्षाला पुढे ओढतो. प्रत्येक स्नायूची उगमाची व जोडणीची जागा प्रतिमानात नोंदवली जाते. त्याचे कमाल बल त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावरून, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 30 ते 40 न्यूटन या हिशोबाने, काढले जाते. स्नायूची लांबी व आकुंचनाचा वेग यांचा बलावर होणारा परिणाम दाखवण्यासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्या 1938 मधील संशोधनावर आधारित प्रतिमान वापरतात.

स्नायूबलांचा अनिर्णीत प्रश्न

जबड्याच्या प्रतिमानातील सर्वांत अवघड भाग भूमितीचा नसून स्नायूंचा आहे. अवकाशातील मोकळ्या वस्तूच्या हालचालीला सहा स्वतंत्र दिशा असतात, म्हणून समतोलाची समीकरणेही सहाच मिळतात. जबड्याला हलवणारे स्नायू व त्यांचे स्वतंत्रपणे काम करू शकणारे भाग मिळून त्याहून कितीतरी अधिक होतात. समीकरणांपेक्षा अज्ञात राशी जास्त असल्यामुळे एकाच चावण्याची असंख्य उत्तरे गणिताला मान्य होतात.

यावर दोन मार्ग वापरले जातात. पहिल्यात त्वचेवर किंवा स्नायूत विद्युदग्रे लावून स्नायूंची विद्युत क्रिया नोंदवतात आणि त्या प्रमाणात बल वाटून देतात. दुसऱ्यात शरीर काटकसरीने काम करते असे गृहीत धरून, उदाहरणार्थ सर्व स्नायूंवरील प्रतिबलांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारे उत्तर निवडतात. दोन्ही मार्गांत गृहीतक आहे. गृहीतक बदलले की सांध्यावरील भाराचा आकडाही बदलतो. त्यामुळे अशा अभ्यासातील कोणताही आकडा त्यामागील गृहीतकासह वाचावा लागतो.

महत्त्वाचे संशोधन

नेदरलँड्समधील कूलस्ट्रा, व्हॅन आयडेन व त्यांचे सहकारी यांनी 1988 मध्ये कमाल चावणीबलाचे भाकीत करणारे त्रिमितीय गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. पुढे या गटाने जबड्याच्या गतीचाही अभ्यास केला. कॅनडात कोरिओथ, रोमिली व हॅनम यांनी 1992 मध्ये दात असलेल्या संपूर्ण मानवी जबड्याचे सांत घटक प्रतिमान मांडले. चावताना जबडा केवळ वाकत नाही, तर पिळलाही जातो, हे अशा प्रतिमानांतून स्पष्ट झाले. 1999 मध्ये लांगेनबाख व हॅनम यांनी, शिथिल स्नायूंचा निव्वळ ताणही जबड्याच्या हालचालीवर परिणाम करतो, हे गतिमान प्रतिमानाने दाखवले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विकसित झालेल्या ‘आर्टिसिंथ’ या मुक्त प्रणालीत न वाकणारी हाडे व मऊ ऊती यांचे एकत्रित प्रतिमान करता येते. कर्करोगामुळे जबड्याचा तुकडा काढल्यानंतर उरलेला जबडा कसा हलेल, याचा अभ्यास तिच्या साहाय्याने केला गेला आहे.

कृत्रिम सांध्यांचा इतिहास आणि टेफ्लॉनचा धडा

टेफ्लॉनचे घर्षण अत्यल्प असते, म्हणून सांध्याच्या पृष्ठभागासाठी ते आदर्श वाटणे स्वाभाविक होते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी वापरली. काही वर्षांतच ती झिजली आणि झिजेचे कण आजूबाजूच्या ऊतींना बाधले. या कणांचा परिणाम तपासण्यासाठी चार्नली यांनी ते पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. नोव्हेंबर 1962 पासून त्यांनी टेफ्लॉनऐवजी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरण्यास सुरुवात केली व खुब्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला.

असे असूनही, सुमारे वीस वर्षांनी जबड्याच्या सांध्यात टेफ्लॉन पुन्हा आले. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील व्हायटेक या कंपनीचे टेफ्लॉनयुक्त ‘प्रोप्लास्ट’ रोपण 1983 मध्ये बाजारात आले. खराब झालेली चकती काढून तिच्या जागी ते बसवले जाई. आधीपासून विकल्या जाणाऱ्या उपकरणाशी ते तत्त्वतः समतुल्य आहे, या आधारावर त्याला विक्रीची मुभा मिळाली होती; रुग्णांवरील दीर्घ चाचण्यांची अट नव्हती. सांध्यातील वारंवार येणाऱ्या भाराखाली हा थर झिजला, फाटला आणि त्याचे सूक्ष्म कण सुटले. शरीराने त्या कणांवर बहुकेंद्रकी महापेशींनी हल्ला केला. त्या प्रक्रियेत अस्थिशीर्ष व कवटीच्या खाचेचे हाड विरघळू लागले. काही रुग्णांत खाचेच्या छताला भोक पडले. वेदना, तोंड न उघडणे, चाव्याची ठेवण बिघडणे आणि पुनःपुन्हा शस्त्रक्रिया असे भोग अनेकांच्या वाट्याला आले. कंपनीने 1990 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षाच्या अखेरीस सुरक्षाविषयक इशारा दिला आणि त्यानंतर ही रोपणे परत मागवली गेली. पुढे जबड्याच्या सांध्याची रोपणे सर्वाधिक धोक्याच्या तिसऱ्या वर्गात घालण्यात आली आणि विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा व उपयुक्ततेचा पुरावा देणे बंधनकारक झाले.

पदार्थ निसरडा असणे पुरेसे नाही. प्रत्यक्षातला भार लाखो वेळा पडल्यावर तो कसा वागतो, हे पाहावे लागते, हा या घटनेचा धडा होय.

आधुनिक कृत्रिम सांधे

नव्या नियमांखाली टीएमजे कन्सेप्ट्स या कंपनीच्या, प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे बनवल्या जाणाऱ्या सांध्याला 1999 मध्ये, तर बायोमेट कंपनीच्या तयार मापांतील सांध्याला 2005 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्हींत खाचेचा घासला जाणारा पृष्ठभाग अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा आणि अस्थिशीर्ष कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे असते. रोपणे हाडाला स्क्रूने जखडली जातात.

अशा सांध्याच्या रचनेत संगणकीय प्रतिमान मुख्यतः चार प्रश्नांसाठी वापरले जाते.

धातू थकून तुटेल का : रोपणाच्या मानेवर व स्क्रूच्या छिद्रांपाशी प्रतिबल साठते. तेथील कमाल प्रतिबल धातूच्या सहनमर्यादेखाली आहे का, हे पाहिले जाते.

हाडाला पुरेसा भार मिळतो का : धातू हाडापेक्षा कितीतरी ताठर असल्याने भार धातूतूनच वाहून जातो आणि विश्रांती मिळालेले हाड हळूहळू विरळ होते. हाड भारानुसार स्वतःला घडवते, हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडले होते.

स्क्रू पक्के राहतील का : रोपण व हाड यांच्यातील सूक्ष्म हालचाल सुमारे 150 मायक्रोमीटरच्या पुढे गेल्यास तेथे हाड धरण्याऐवजी तंतुमय ऊती वाढण्याची शक्यता असते.

दुसऱ्या बाजूचे काय : शस्त्रक्रियेत अस्थिशीर्ष काढताना बाह्य टेरिगॉइड स्नायूची जोडणी सुटते. त्यामुळे कृत्रिम सांधा प्रामुख्याने फिरतो, फारसा पुढे घसरत नाही. तोंड उघडताना हनुवटी त्या बाजूला वळते आणि निरोगी सांध्याला वेगळ्या पद्धतीने काम करावे लागते. या अडचणीवर उपाय म्हणून नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी 1999 मध्ये एक त्रिमितीय अभ्यास प्रसिद्ध केला. कृत्रिम सांध्याचे फिरण्याचे केंद्र नैसर्गिक केंद्राच्या सुमारे 15 मिलिमीटर खाली ठेवल्यास घसरण्याच्या हालचालीची काही अंशी भरपाई होते, असे त्यात आढळले.

त्रिमितीय छपाईमुळे प्रतिमानातील आकृतीवरून थेट रोपण बनवणे शक्य झाले. नेदरलँड्समध्ये 2011 मध्ये 83 वर्षांच्या एका महिलेला संपूर्ण खालचा जबडा टायटॅनियममध्ये छापून बसवण्यात आला. त्याचे वजन 107 ग्रॅम होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाच्या अभियंत्यांनी शल्यचिकित्सकांसह रुग्णाच्या स्नायूंचे व हाडांचे प्रतिमान वापरून छापील टायटॅनियमचा सांधा तयार केला आणि 2015 मध्ये तो रुग्णात बसवण्यात आला.

पडताळणी व मर्यादा

प्रतिमानाची तपासणी दोन पातळ्यांवर होते. समीकरणे बरोबर सुटली का, ही पहिली पातळी. जाळी आणखी बारीक केल्यावर उत्तर स्थिर राहते का, हे त्यासाठी पाहतात. योग्य समीकरणे निवडली का, ही दुसरी व अधिक कठीण पातळी. मृतदेहातील जबड्यावर विकृतिमापक लावून घेतलेली मोजमापे, जबड्याच्या हालचालींच्या नोंदी आणि झीजमापन यंत्रांवरील चाचण्या यांच्याशी प्रतिमानाचे भाकीत ताडून पाहिले जाते. खुब्याच्या बाबतीत बर्लिनमधील संशोधकांनी संवेदक बसवलेली रोपणे वापरून चालत्या माणसातील बले मोजली आहेत. जबड्याच्या प्रतिमानांना असा भक्कम आधार लाभलेला नाही.

अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने वैद्यकीय उपकरणांच्या प्रतिमानांसाठी 2018 मध्ये एक मानक प्रसिद्ध केले. प्रतिमानाच्या आधारे घेतलेला निर्णय चुकल्यास जितका धोका अधिक, तितका पडताळणीचा पुरावा अधिक हवा, हे त्याचे सूत्र आहे. रंगीत चित्रांतील लाल-निळे पट्टे कितीही पटणारे दिसले, तरी ते गृहीतकांचे चित्र असते, रुग्णाचे नव्हे. वेदना, दात खाण्याची सवय, हाडाची बदलती घनता आणि शस्त्रक्रियेनंतरचे व्रण या गोष्टी प्रतिमानात अजून नीट उतरत नाहीत.

भारतातील संदर्भ

भारतात कृत्रिम सांध्याचा प्रश्न अनेकदा सांधा जखडण्याच्या विकारातून उभा राहतो. बालपणी हनुवटीवर पडून झालेली इजा किंवा कानाचा जंतुसंसर्ग यांनंतर अस्थिशीर्ष व खाच हाडाने जुळून जातात आणि तोंड उघडेनासे होते. मुलाचे खाणे, बोलणे, दातांची निगा आणि झोपेतील श्वसन या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. जबड्याची वाढही खुंटते. वाढत्या वयात धातूचा सांधा हाडाबरोबर वाढत नाही, म्हणून बरगडीचे हाड व कूर्चा यांचे कलम बसवण्याची पद्धत प्रचलित आहे; मात्र हे कलम किती वाढेल याचा भरवसा नसतो. बहुतेक प्रतिमाने प्रौढांच्या जबड्यावर आधारलेली असल्यामुळे वाढत्या जबड्याचे भाकीत करण्यात ती अद्याप अपुरी पडतात.

तोंड न उघडण्याचे प्रत्येक कारण सांध्यात नसते. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने तोंडाच्या आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडणे कमी होते. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली असली, तरी हा विकार आजही आढळतो. त्यात सांधा बहुधा निरोगी असतो आणि अडसर मऊ ऊतींचा असतो. हा विकार कर्करोगपूर्व मानला जात असल्याने तोंड उघडणे कमी झाल्यास त्याचे कारण दंतवैद्याकडून लवकर निश्चित करून घेणे आवश्यक असते.